केसभर फरक

विमानतळावरून घरी येताना जावयानं मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, इथं नळाचं पाणी थेट प्यायचं, उकळत बसायचं नाही. दोन, दुसऱ्याच्या हिरवळीवरून चालायचं नाही. तीन, शेजारचे आजोबा घरच्या घरी रायफलीची काडतुसं भरतात, त्यांच्या गॅरेजात गेलात तर कशालाही हात लावायचा नाही.

पहिल्या दोन गोष्टी मी पाळणार नाही याची त्याला खात्री असावी. तिसरी मात्र त्यानं कायद्यासकट समजावली. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला, काही मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकेत बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. आणि तिथल्या कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नव्हे. पितळी केस, प्रायमर, दारू, गोळी, हे सगळं सुटं सुटंसुद्धा दारूगोळाच. “म्हणजे बाबा, रिकामी पुंगळीसुद्धा नाही. नुसतं बघायचं.”

त्याला वाटलं, सासऱ्याला फार मोठी शिक्षा झाली. पण भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढलेल्या माणसाला यात नवीन काय? आम्ही जन्मभर तेच केलं. हात दुसऱ्यानं लावायचा, चूक आपण काढायची.

शेजारचे आजोबा आयुष्यभर मशीन शॉपमध्ये टूलमेकर होते. त्यांचं ओहायोचं इंग्रजी मला कळत नव्हतं आणि माझं भोसरीचं त्यांना. पहिल्या दिवशी आम्ही दोघं पाच मिनिटं नुसते हसत उभे होतो. मग त्यांनी एक काडतूस व्हर्नियरमध्ये धरलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “दोन थाउ.” माझे कान टवकारले. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या सुताराचं सगळ्यात लहान माप सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तो ‘सूतभर इकडंतिकडं चालतंय’ म्हणतो. त्या एका सुतात सव्वाशे थाउ मावतात. दोन थाउंवरून तोंड वाकडं करणारा माणूस मला निवृत्तीनंतर प्रथमच भेटत होता. भाषेचा प्रश्न तिथंच मिटला. त्यांचं नाव मला नीट उच्चारता येईना, माझं उच्चारायच्या फंदात ते पडलेच नाहीत. आमच्या हिनं त्यांचं नाव ठेवून टाकलं, थाउकाका.

आता हा उद्योग काय असतो ते सांगतो. आपण मराठीत ‘गोळी’ म्हणतो आणि मोकळे होतो. डोकं दुखलं तरी गोळी, डोकं फुटलं तरी गोळी. पण काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची केस, तिच्या बुडात ठिणगी देणारा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडात बसवलेली खरी गोळी. बार झाला की गोळी जाते, केस मागं राहते. ती फेकून न देता तिची फुगलेली मान पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर, नवी दारू घालायची आणि प्रेसच्या हँडलनं नवी गोळी तोंडात दाबून बसवायची. बाटलीला बूच लावावं तसं.

बूच किती खोल, एवढाच प्रश्न. आणि तेवढ्या प्रश्नावर थाउकाकांच्या निवृत्तीची बारा वर्षं खर्ची पडली होती.

त्यांची रायफल .308 विंचेस्टरची. हे काडतूस 1952 सालचं, त्याची एकूण लांबी जास्तीत जास्त 2.8 इंचांच्या आसपास ठरवलेली. गोळी जास्त खोल दाबली तर आतली जागा कमी होते आणि दारूचा दाब वाढतो. फार बाहेर ठेवली तर ती नळीतल्या आट्यांना आधीच टेकते, तरीही दाब वाढतो. म्हणजे दोन्हीकडून संसारच. या दोन टोकांच्या मधे, आट्यांपासून थोडं मागं, गोळीनं उभं राहायचं आणि बार होताच आट्यांत उडी मारायची. ही उडी किती लांब असावी, याबद्दल प्रत्येक रायफलीची आवड वेगळी. ती पत्रिका बघून कळत नाही, बार काढूनच बघावं लागतं. आणि आवड एकदा कळली की प्रत्येक काडतुसात तीच खोली, तंतोतंत तीच.

तंतोतंत म्हणजे किती? माणसाचा केस साधारण तीन थाउ जाड असतो. थाउकाकांना दोन काडतुसांत एका थाउपेक्षा जास्त फरक नको. म्हणजे केसमध्ये गोळी बसवायची ती केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी अचूक. त्यांच्या डोक्यावर तुलनेला एकही केस उरला नव्हता, ही गोष्ट वेगळी. आणि मी काडतुसाला हात लावला तर तिसऱ्याच प्रकारची केस होईल, या भीतीनं जावई अधूनमधून कुंपणावरून डोकावून जाई.

पहिल्या आठवड्यात माझं काम ठरलं. ते गोळी बसवणार, मोजणार आणि आकडा मोठ्यानं म्हणणार. मी हात पाठीमागं बांधून उभा. फक्त आकडा लिहायला उजवा हात सोडवून घ्यायचा, तोही वहीपुरता. वही जावयानं आणून दिली. वहीचा समावेश दारूगोळ्यात होत नाही, हे त्यानं आधी तपासलं होतं.

पहिल्या दिवशीचे आकडे बघून मी हादरलो. 2.795, 2.801, 2.797, 2.802. भोसरीत अख्खा लॉट परत पाठवला असता. मी लाल पेन मागितलं. थाउकाका गालात हसले. ही त्यांची नव्या माणसासाठीची परीक्षा होती. त्यांनी मुद्दाम बुडापासून टोकापर्यंत मोजलं होतं.

स्पर्धेच्या गोळीचं तांब्याचं कवच मागून पुढं ओढत आणून नाकापाशी मिटवतात. त्यामुळं टोकाला बारीकसं भोक राहतं आणि त्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी असते. एका गोळीचं टोक दुसरीपेक्षा काही थाउ लांब किंवा आखूड असणारच. पण आट्यांना टोक टेकत नाही. टेकतो तो त्याच्या बराच खालचा, निमुळत्या होत जाणाऱ्या उताराचा भाग. त्या उताराला म्हणतात ओजाइव्ह, आणि हा शब्द मूळचा इमारतींच्या टोकदार कमानींचा. म्हणून मोजायचं बुडापासून त्या उतारापर्यंत. त्यासाठी व्हर्नियरच्या जबड्याला भोक असलेला एक ठोकळा अडकवतात, कंपॅरेटर. गोळीचं नाक भोकात जातं आणि उतार जिथं टेकतो तिथून माप.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अहो, हा तर डेटमचा, म्हणजे माप कुठून धरायचं याचा प्रश्न! शाळेत उंची मोजताना आमच्या वर्गातला एकजण डोक्यावर केसांचा असा फुगा काढून यायचा की मास्तर दरवर्षी त्याला दोन इंच जास्त देत. तोच पुढं लग्नाच्या माहितीपत्रकातसुद्धा फुग्यासकट उंची लिहून मोकळा झाला. जिथं टेकायचं तिथूनच मोजायचं, हे कळायला त्याच्या सासरच्यांना दाराची चौकट लागली.

उतारापासून मोजल्यावर फरक तीन थाउंवर आला. पण तीन म्हणजे एक नव्हे. उरलेले दोन थाउ कुठून येतात, याचा तपास आम्ही मे महिन्यात सुरू केला.

पहिला संशय डायमधल्या, म्हणजे प्रेसवरच्या साच्यातल्या, दांड्यावर. हा दांडा गोळीला वरून दाबतो. तो टोकावर दाबत असेल तर टोकाची सगळी वेडीवाकडी लांबी खोलीत उतरते. लांब निमुळत्या गोळ्यांना साधा दांडा टोकावरच टेकतो, त्यांना वेगळा खोलगट दांडा लागतो. थाउकाकांकडं तो होता. पण तोसुद्धा उताराला जिथं धरतो ती जागा टोकाकडची, आणि आटे धरतात ती बुडाकडची. या दोन जागांमधलं अंतर गोळीगणिक थोडं थोडं बदलतं. मग त्यांनी पाचशे गोळ्या एकेक मोजून वेगवेगळ्या डब्यांत घातल्या. चणे, फुटाणे, शेंगदाणे वेगळे करावेत तशा. फरक इतका की इथं सगळे चणेच होते.

दुसरा संशय केसच्या मानेवर. पितळ बारागणिक कडक होत जातं, निवृत्त माणसासारखं, आणि दाबलं की पुन्हा उसळी मारतं. म्हणून मान तापवून मऊ करावी लागते, नाहीतर एक केस गोळीला सहज आत घेते आणि दुसरी अडून बसते. शिवाय केसच्या तोंडाची आतली कड नीट तासावी लागते. हे सगळं काका करत. वर केसा धुण्यासाठी त्यांच्याकडं एक फिरतं पिंप होतं, त्यात पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक काड्या. तीन तासांनी केसा अशा निघत की पितांबरीनं घासलेल्या समया फिक्या पडाव्यात. पण गोळी आत जाताना करकर आवाज करू लागली. कारण मानेच्या आतला काजळीचा पातळ थर वंगणाचं काम करत होता आणि तोच धुऊन निघाला. मग काका कुंचल्यानं मानेच्या आत ग्रॅफाइटची भुकटी लावू लागले. हिनं हे ऐकलं आणि म्हणाली, “अहो, म्हणजे आधी दुधावरची साय काढायची आणि मग वरून विकतची मलई घालायची.” मी हे भाषांतर करून सांगितलं नाही. काही गोष्टी शेजारधर्मात बसत नाहीत.

तिसरा संशय प्रेसवर. हिरवं, ओतीव लोखंडाचं धूड. कंपनीचं नाव आरसीबीएस, म्हणजे ‘रॉक चक बुलेट स्वेज’. फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसानं 1943 साली कॅलिफोर्नियातल्या ओरोविल गावात ती सुरू केली, आणि रॉक चक म्हणजे डोंगरातल्या दगडांत राहणारी गुबगुबीत घूसच म्हणा. घुशी मारायच्या गोळ्या घडवणाऱ्या हत्याराचं नाव कंपनीला मिळालं आणि इतकी वर्षं टिकलं. आपल्याकडं कुणी कारखान्याला ‘घूस इंजिनिअरिंग वर्क्स’ नाव देऊन बघावं, बँक चहासुद्धा विचारणार नाही. प्रेस मात्र निर्दोष निघालं.

चौथा संशय खुद्द व्हर्नियरवर. आणि हा संशय मी घेतला, कारण हे माझं क्षेत्र. असल्या डिजिटल व्हर्नियरची स्वतःची अचूकताच एक थाउ अधिकउणे असते. म्हणजे पकडायचा चोर एक थाउचा आणि हवालदाराची नजर एक थाउनं कमी. भाजीच्या तराजूवर गुंजा मोजण्यासारखं. मी हे सांगितल्यावर काका बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टँडवरचा डायल इंडिकेटर आणला आणि मला विचारलं, “अजून काही?” त्या क्षणी मला इतक्या वर्षांत न मिळालेलं प्रमोशन मिळालं.

मधे एकदा त्यांनी खणातून एक काळपट केस काढून माझ्यासमोर उभी केली. .303 ची, जुन्या लष्करी साठ्यातून कुणाकडून तरी आलेली. बुडावर इंग्रजी दोन अक्षरं, के आणि एफ. किर्की फॅक्टरी! किर्की म्हणजे इंग्रजाच्या तोंडची आपली खडकी, आणि तिथला दारूगोळ्याचा कारखाना 1869 सालचा. माझे मामा तिथंच कामाला होते. सायकल, डबा, गेटपास, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी हात पुढं केला आणि कुंपणाकडून जावयाचा खोकला ऐकू आला. पुण्याहून तेरा हजार किलोमीटरवर खडकीची पुंगळी समोर उभी आणि मी पुणेकर तिला शिवू शकत नाही, ओहायोचा माणूस शिवू शकतो. पर्यटकपणा याहून नेमका कुणी समजावून दिला नसता.

“ही मला भरता येत नाही,” काका म्हणाले. तिच्या बुडात दोन बारीक भोकं होती. ही बर्डन पद्धत, हायरम बर्डन या अमेरिकन माणसाची. ती इंग्रजांनी आणि युरोपनं उचलली. अमेरिकेत चालते ती एका भोकाची बॉक्सर पद्धत, ती एडवर्ड बॉक्सर या इंग्रजाची. मधोमध एकच भोक, वरून खिळा घातला की जुना प्रायमर बाहेर, म्हणून पुन्हा भरायला सोपी. दोघांनीही घरची सोडून शेजारची भाजी गोड मानली. मला हे ओळखीचं वाटलं.

तुमच्याकडं नेमबाज आहेत का, असंही त्यांनी विचारलं. मी छाती फुगवून कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सांगितला. रेल्वेत नोकरी, पॅरिस 2024 ला पन्नास मीटर रायफलीत ब्राँझ. “पण त्याला हा त्रास नाही,” काका हेव्यानं म्हणाले. त्याचं .22 चं काडतूस रिमफायर. ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला, एकदा उडालं की संपलं, पुन्हा भरायचा प्रश्नच नाही. ते लोक कारखान्यातले वेगवेगळे लॉट झाडून बघतात आणि आपल्या रायफलीला मानवेल तो लॉट उचलतात. “म्हणजे हापूसच्या पेट्या फोडून बघून घेतल्यासारखं,” मी म्हणालो. हापूस समजावण्यात ती संध्याकाळ गेली.

एकदा धीर करून मी विचारलंच, की एका थाउनं खरंच काय होतं? शंभर यार्डांवर कोनाचं एक मिनिट म्हणजे एक इंचाहून किंचित जास्त. काकांच्या पाच गोळ्या साधारण अर्ध्या इंचात बसतात. वारा, खांद्याचा रेटा, छातीचे ठोके यांत बिचारा एक थाउ दिसणार कुठं? त्यांनी उत्तरादाखल ह्यूस्टनची गोष्ट सांगितली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिल किंग नावाचा नेमबाज तिथल्या एका अवाढव्य बंद गोदामात नेम धरायचा. वारा नाही, ऊन नाही, काही नाही. सगळ्या बाहेरच्या सबबी संपल्या की उरतो तो फक्त माणूस आणि त्याचं काडतूस. “मला गोदाम परवडत नाही,” काका म्हणाले, “म्हणून मी निदान काडतुसाची सबब संपवतो.”

आणि सगळं साधलं तरी सुख नाही. प्रत्येक बारानं नळीचा गळा झिजतो आणि आटे हळूहळू पुढं सरकतात. आज पंचवीस थाउंची उडी बरोबर बसली, तर काहीशे बारांनंतर तेच काडतूस जास्त लांब उडी मारत असतं. मग गोळी आणखी बाहेर काढायची, पुन्हा मोजायचं. मुलगी घरातून निघाली आणि गाव बदलत राहिली की आईबापांनी पत्ता लिहीत राहावं, तसं.

जुलैत काका आठवडाभर कॅम्प पेरीला गेले. एरी सरोवराच्या काठी 1907 पासून नेमबाजांची जत्रा भरते तिथं. त्या आठवड्यात मला काही काम नव्हतं, म्हणून मी वही काढून कंट्रोल चार्ट मांडला. 1924 साली वॉल्टर शूहार्टनं अमेरिकेतच तो काढला, आम्ही भोसरीत त्याची पूजा केली, आता अमेरिकेत बसून मी तो ओहायोच्या दारात मांडत होतो. त्याचा नियम सोपा आहे. थोडा चढउतार सगळीकडं असतो, त्याकडं बघायचं नाही. ठिपका, म्हणजे एकेक माप, मर्यादेच्या रेषेबाहेर गेला तर त्यामागं खास कारण असतं, ते शोधायचं.

साडेचारशे ठिपके मांडले. बरेचसे अगदी शिस्तीत, एका थाउत. मग एकदम काही ठिपके रेषेबाहेर, दोन थाउ, तीन थाउ जास्त लांब, म्हणजे गोळी पुरती खाली न बसलेली. मग पुन्हा शिस्त. मी केसांचे लॉट पाडून बघितले, गोळ्यांचे डबे पाडून बघितले, हवेतली आर्द्रतासुद्धा बघितली. काही जुळेना. शेवटी सवयीनं मी वहीत वेळही लिहिली होती तिकडं नजर गेली. रेषेबाहेरचे ठिपके दुपारी चार ते पाचमधले. रोज. चार वाजता हिचा चहा यायचा. चहाबरोबर मी बोलायला लागायचो.

मी बोलत नसे तेव्हा काका हँडल संथपणे खाली आणत, तळाशी क्षणभर थांबत, मग वर नेत. मी बोलायला लागलो की ते मान डोलवत, हँडल अर्धवट मनानं ओढत आणि तळाशी न थांबता सोडून देत. पितळ तेवढ्यात उसळी मारे. दांडा निर्दोष, मान निर्दोष, प्रेस निर्दोष. हापूस, खडकी, शूहार्ट आणि मामांची सायकल, या सगळ्यांची लांबी मिळून दोन ते तीन थाउ भरत होती. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ खास कारण मला सापडलं नव्हतं, आणि सापडलं तर ते मी होतो.

मी रिपोर्ट लिहिला. खाली सही केली. इन्स्पेक्शनवाला स्वतःच्या विरुद्धचा रिपोर्ट दाबत नाही, फक्त द्यायला दोन दिवस उशीर करतो.

काकांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं, आता चार वाजता गॅरेजचं दार बंद. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा आला, मी निर्धारानं गप्प बसलो, तर त्यांनीच विचारलं, “मग त्या मामांचं पुढं काय झालं?” मी सांगितलं. ते मान डोलवत, हँडल ओढत राहिले. पण त्या तासातली काडतुसं नेहमीच्या खोक्यात न जाता एका वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत गेली. डबीवर त्यांनी पेननं एकच शब्द लिहिला होता: पूना.

त्याचा अर्थ मला नेमबाजीच्या रेंजवर कळला. रायफलीची नळी साफ केली की पहिल्या काही गोळ्या भलतीकडंच जातात. आत काजळीचा पातळ थर बसेपर्यंत नेम स्थिर होत नाही. त्या पहिल्या गोळ्या मोजायच्या नसतात, म्हणून त्यांना चांगली काडतुसं कोण वापरतो? तिथं पूना.

रात्री हे हिला सांगितलं. ही मालवणची. क्षणभरही न थांबता म्हणाली, “म्हणजे पहिलं घावन.” बिडाच्या तव्यावर पहिलं घावन चिकटतं, फाटतं, त्यानं तवा वळणावर येतो आणि मगची जाळीदार निघतात. ते पहिलं पानात वाढत नाहीत. ते घरात कोण खातं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. छत्तीस वर्षं मीच खातोय.

शेवटच्या शनिवारी आम्ही पुन्हा रेंजवर गेलो. मी कानांत बोळे घालून, हात पाठीमागं बांधून मागच्या रेषेवर उभा. काकांनी डबीतून पहिलं पूना काढलं, झाडलं. डावीकडं वर. दुसरं, उजवीकडं खाली. तिसरं जवळपास मधे. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, मागं वळून माझ्याकडं अंगठा वर केला आणि चांगल्या काडतुसांचं खोकं उघडलं.

तवा तापला होता.